शेडकार्डाची मागची बाजू

पहिली नोंद गुलाबाच्या चहाची.
साडू हैदराबादहून येताना घेऊन आला, पन्नास ग्रॅम.
रंग: शेड तीनशे बारा, जरा पातळ.
वास: आपण पाहुणे नसलेल्या लग्नाच्या
मांडवावरून जाताना येतो तसा.
चव: वासाने कबूल केली होती तेवढी नाही.
दहापैकी चार.

एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर होतो,
अक्कलकोट रोडला.
हँक कढईतून वर आला की ओल्यातच सांगायचो
वाळल्यावर कुठली शेड उरेल.
निवृत्त झालो तेव्हा मिळाला नारळ, मिळाली शाल,
आणि कुणालाच नको असलेली जुनी शेडकार्डं.
पुढे सुताचे तुकडे डकवलेले,
मागची बाजू कोरी.
कोरं काही वाया घालवलेलं आमच्या घरात चालत नाही.

म्हणून चहा.

काय ओ मास्तर, चहा तो चहा, त्यात लिहायचं काय?
मी म्हणतो, आधी पाणी लिहायचं.
नळ येतो चार दिवसांनी, कधी पाच.
पहिल्या दिवशी क्लोरीन पुढे पुढे करतं,
तिसऱ्या दिवशी पाणी निवतं, शहाणं होतं,
चौथ्या दिवशी पिंपाचा तळ बोलायला लागतो.
तोच लवंगेचा चहा सोमवारी सहा, गुरुवारी साडेसात.
पुडक्यावर हे छापलेलं नसतं.

मधल्या मारुतीपाशी मुनाफ पटवेकर
नवीन काही आलं की चिमूटभर कागदात बांधून ठेवतो.
कैरीचा: रंग सुरेख, चव औषधाच्या दुकानातली. तीन.
चॉकलेटचा: दोघांचा एकाच खुर्चीसाठी हट्ट. दोन.
दालचिनीचा, मे महिना, दुपारचे तीन, पंखा बंद:
हे परीक्षण नव्हे, शिक्षा. मार्क राखून ठेवले.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतून सर्दी घेऊन आलो
आणि नाक गेलं.
वेलची, आलं, रॉकेल, सगळं एकच गरम पाणी.
चार पुड्या फोडलेल्या, उडून जायच्या बेतात.
राजमणीला म्हटलं, तू वास घे, मी लिहितो.
तिने तीस वर्षं विड्या वळल्या.
बिनदुधाचा चहा तिच्या लेखी तांदूळ धुतलेलं पाणी.
तरी बसली, पदराला हात पुसून.

गवती चहा: बोद्दूलबाईंनी फरशी पुसली
आणि खिडकी उघडीच ठेवली.

वेलची: मोठ्या पाळण्यात पोटात होतं तसं.
खाली येताना नाही ओ,
वर थांबलेला असतो तेव्हा.

मी भराभर लिहीत होतो.
इतक्या वर्षांत मला पाळणा सुचला नव्हता.

गुलाबापाशी ती थांबली.
कप खाली ठेवला, परत उचलला.
तुम्ही कारखान्यातून यायचा ना,
लाल रंगाच्या दिवशी, हात धुऊनसुद्धा,
तसा.

त्या रंगाला वास नव्हता, मी म्हणालो.

तुम्हाला नव्हता.

मार्क किती देऊ, विचारलं तर म्हणाली,
मार्क कशाला, संपवा, कप विसळायचाय.

बाराव्या दिवशी नाक परत आलं,
शेजारच्या लसणाच्या फोडणीसकट.
गुलाबाचा पुन्हा केला. पाणी तिसऱ्या दिवसाचं, वेळ चार मिनिटं.
मांडव आला. पाहुणे आले. बाकी कुणी नाही.
तीनशे बाराचं कार्ड उलटं करून
लाल सुताच्या तुकड्यालाही नाक लावून बघितलं.
जुना पुठ्ठा. थोडी खळ.

चार खोडले नाहीत.
शेजारी पेन्सिलीने लिहिलं: नाक दुसऱ्याचं, नोंद ग्राह्य.

पुढची पुडी तुळस आणि सुंठेची.
पटवेकर म्हणतो, आजच सांगा, लोक विचारतात.
पण आज नळाचा दुसराच दिवस.
उद्यापर्यंत थांबावं लागेल.